मिरकरवाड्याची टोपली

रत्नागिरीला जाणारा पाहुणा थिबा पॅलेस बघतो, रत्नदुर्गावर चढतो आणि परततो. मिरकरवाडा बंदर मात्र त्याच्या यादीत नसते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब तिथे गेलो. फज्रची नमाज पढून जेट्टीवर पोहोचलो, तोवर लिलाव रंगात आला होता. बर्फाचा चुरा, डिझेलचा वास, आणि खलाशांच्या आवाजाला आवाज देणाऱ्या बायका.

घरच्यांची नजर अर्थातच पापलेटवर. दावतीला पापलेट-सुरमई नसेल तर पाहुणचार उणा पडला असे आपल्यात मानतातच. तळहातावर मावतील अशा पापलेटांचा वाटा स्वस्तात मिळत होता. मुलांनी हट्ट धरला, तेव्हा शेजारी बसलेल्या चाचीच म्हणाल्या, "नको घेऊस बाबा. ही पिल्लं आहेत, अंडी टाकायच्या आधीच जाळ्यात आलेली."

२०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा ठरवले. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारही ठरवून दिला. पण कायदा कागदावर राहतो, गिऱ्हाईक टोपलीसमोर उभे असते.

कोपऱ्यात बोटाएवढ्या माशांचा ढीग होता. ट्रॉलरच्या बारीक जाळ्यात नको तेही ओढले जाते. अशा माशांची भुकटी कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जाते. म्हणजे मासळीला हात न लावणारेसुद्धा ब्रॉयलरच्या हंडीतून समुद्र रिकामा करत असतात!

चाचींच्या टोपलीत तारली होती. तारली लवकर वाढते आणि थव्याने मिळते. तिच्यात ओमेगा-३ भरपूर, आणि मऊ काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही मिळते. दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या सुरमईच्या अंगात मात्र पारा साठत जातो. गरोदर लेकीसुनांच्या ताटात म्हणूनच लहान जातीची मासळी बरी. तरी "तारली पाहुण्यांपुढे कशी ठेवायची?" हा प्रश्न आमच्या मंडळींनी तिथेही विचारलाच. चाची हसल्या. कोकम, तिरफळ घालून कालवण करा म्हणाल्या; तळून नको, तेल फार पिते. आम्ही दोन वाटे घेतले.

१ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा इथल्या घरांत सुके बांगडे निघतात. खारवलेला मासा धुऊन, भिजवून, पाणी फेकून मगच शिजवावा. घरात ब्लड प्रेशरचा रुग्ण असेल तर त्याच्या ताटात तो नकोच.