मालेगाव: गल्ली हेही घरच

कॅम्पातून निघून मोसम नदीचा पूल ओलांडला, की मालेगावचा आवाज सुरू होतो. पाहुण्यांना तो गोंगाट वाटतो. आम्हा मालेगावकरांना त्याच्याशिवाय झोप लागत नाही. यंत्रमागांची ही खटखट फजरच्या अजानआधी सुरू असते आणि इशानंतरही चालूच राहते. आठवड्यातून एकदाच ती थांबते, शुक्रवारी. इथल्या कारखान्यांना सुट्टी जुम्याची असते.

परवा अशाच एका शुक्रवारी खालाला भेटायला पूल ओलांडला. गल्ल्या शांत होत्या. पोरे पतंग उडवत होती, ओट्यावर म्हातारी माणसे चहा पीत होती. ती शांतता कानावर पडली आणि पाय आपोआप हळू झाले. 2020 च्या मार्चअखेरीस असाच एक शुक्रवार मालेगावात आला होता आणि दोन महिने तो संपलाच नव्हता.

ज्यांनी मालेगाव पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नारो शंकरांनी अठराव्या शतकात मोसमच्या काठावर भुईकोट किल्ला बांधला आणि त्याच्याभोवती हे गाव वाढले. 1857 नंतर उत्तरेतले मोमीन विणकर आग्रा रोडने खाली उतरले आणि इथे स्थिरावले. त्यांच्या हातमागावरची रंगीत लुगडी महाराष्ट्रभर नेसली जात. पुढे हातमाग गेले, यंत्रमाग आले. नदीच्या एका बाजूला कॅम्प, मोकळे रस्ते आणि बंगले. दुसऱ्या बाजूला जुने शहर: मोमीनपुरा, इस्लामपुरा, कमालपुरा. एका वस्तीचे तर नावच हजार खोली. खाली कारखाना, वर पत्र्याची खोली आणि दारात गल्ली, अशी इथली कित्येक घरे. मी स्वतः अशाच घरात वाढले. लग्नानंतर कॅम्पात राहायला गेले, पण माझी उर्दू शाळा नदीच्या अलीकडेच, जुन्या शहरात आहे.

13 मार्च 2020 रोजी राज्यात 1897 चा साथरोग कायदा लागू झाला. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. 8 एप्रिलला मालेगावात पहिले रुग्ण सापडले आणि मग शहराचे नाव रोज बातम्यांत येऊ लागले. गल्ल्यांच्या तोंडाशी बांबू बांधले गेले, प्रतिबंधित क्षेत्राचे फलक लागले, पुलावर पोलीस उभे राहिले. भोंगा लावलेली रिक्षा दिवसभर फिरायची: घरी राहा, सुरक्षित राहा.

आम्हा शिक्षकांना घरोघरी पाहणीचे काम मिळाले. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. कुटुंबात माणसे किती, खोल्या किती, कुणाला ताप, खोकला, साखर, रक्तदाब आहे का, एवढे लिहायचे. दुसऱ्याच दिवशी एका घरात मी अडखळले. माणसे नऊ, खोली एक. त्यात चूल, पाण्याची टाकी आणि धाग्याच्या कोनांची पोती. मी नेहमीचे वाक्य म्हटले, "सगळ्यांनी आतच बसा, एकमेकांपासून अंतर ठेवा."

घरातली बाई हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "बाजी, हम नौ लोग इस कमरे में कभी एक साथ रहेच नहीं."

मला क्षणभर अर्थच कळला नाही. मग तिने हिशोब सांगितला. नवरा आणि थोरला मुलगा दिवसपाळीला, दीर आणि मधला रातपाळीला. बारा-बारा तासांच्या पाळ्या. एक उठायचा तेव्हा दुसरा त्याच अंथरुणावर पडायचा. पोरे शाळेत, मदरशात, उरलेला वेळ गल्लीत. सासरे ओट्यावर किंवा मशिदीत. नऊ माणसांचे ते घर एका वेळी चार-पाच जणांचेच होते. बाकीचे घर कारखान्यात होते, शाळेत होते, गल्लीत होते. टाळेबंदीने माग बंद केले, शाळा बंद केल्या, मशिदी बंद केल्या आणि सगळ्यांना एकाच वेळी त्या खोलीत पाठवले.

मी जन्मभर या गल्ल्यांत वावरले आणि हा साधा हिशोब मला कधी सुचला नव्हता. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घर होते, पण ते कॅम्पातल्या माझ्या घरासारखे: दोन खोल्या, वेगळे न्हाणीघर, आजारी माणसासाठी बंद करता येईल असे दार.

काही घरांनी दारच उघडले नाही. "काग़ज़ माँगने आए क्या?" असे आतून विचारले जाई. नुकतेच हिवाळ्यात नागरिकत्वाच्या कागदांवरून मोर्चे निघाले होते, ती धास्ती मनातून गेली नव्हती. वही घेऊन आलेला माणूस आजार मोजतोय की आपल्यालाच मोजतोय, ही शंका होती. तिला मूर्खपणा म्हणून उडवून लावणे मला जमले नाही. साथरोगाचा हा कायदा प्लेगच्या काळातला. मार्च 1898 मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात प्लेगचे तपासणी पथक एका जुलाह्याच्या घरातून आजारी मुलीला न्यायला आले आणि दंगल उसळली, गोळीबारही झाला. ते लोक आमच्या पूर्वजांसारखेच उत्तरेतून आलेले विणकर होते. घरात शिरणाऱ्या सरकारी पावलांची भीती अशी एका दिवसात तयार होत नाही आणि एका दिवसात जातही नाही. उर्दू शाळेची बाजी आली आहे, आपल्या सलमाला हिनेच शिकवले, एवढे कळल्यावर मात्र दारे उघडू लागली.

आता जे लिहायचे आहे ते लिहायला मला काही वर्षे लागली.

माझे खालू मधुमेही होते. पायाला जखम झाली होती. ज्या खासगी दवाखान्यात ते वर्षानुवर्षे जात, तो त्या दिवसांत बंद होता. शहरातले असे कितीतरी दवाखाने बंद होते. खालाचा फोन आला, "दुसरीकडे न्यावे का? नाशिकला?" मी दिवसभर लोकांना नियम सांगून आले होते. तोच सूर तोंडात होता. म्हणाले, "खाला, संचारबंदी आहे. चार दिवस घरीच थांबा, दवाखाना उघडेल."

त्यांनी माझे ऐकले. 25 एप्रिलला पहिला रोजा झाला. चौथ्या रोज्याच्या सहेरीला फोन आला की खालू गेले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. माझा पास सकाळी नऊपासूनचा होता. पुलावरच्या पोलिसाने हात जोडून सांगितले, "मॅडम, मला सोडता येत नाही." त्याच्या डोळ्यांवरून तोही अनेक रात्री झोपलेला नव्हता. मी पूल ओलांडला तोवर चार-पाच माणसांनी जनाजा नेऊन दफनही उरकले होते. खालूंना कोरोना होता की नाही, कुणी तपासले नाही. त्या महिन्यात बडा कब्रस्तानात दर वर्षापेक्षा कितीतरी जास्त कबरी खोदल्या गेल्या. त्यांतल्या किती कोरोनाच्या आणि किती बंद दवाखान्यांच्या, हा हिशोब माझ्या वहीत नव्हता.

त्यानंतर मी तोच नियम सांगत राहिले, पण वेगळ्या रीतीने. "घरी राहा" म्हणण्याआधी विचारायचे, "औषध किती दिवसांचे आहे?" गल्लीतल्या जाणत्यांनीही हेच केले. आमच्या भागातल्या एका कारखानदाराने बंद पडलेली शेड धुऊन उघडून दिली. मागांच्या मधल्या मोकळ्या जागेत खाटा पडल्या आणि म्हातारी, आजारी माणसे तिथे वेगळी झोपू लागली. तरुणांनी औषधांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. मशिदीच्या लाउडस्पीकरवरून इमामसाहेब रोज सांगत: तरावीह घरी पढा, ताप लपवू नका. युनानी कॉलेजवाल्या मन्सुऱ्यातून काढ्याची पाकिटे वाटली गेली. त्याने रोग किती बरा झाला ते वैद्यांनी सांगावे, पण पाकीट देणारा माणूस दारात उभा राहून तब्येत विचारायचा, याचा फायदा मी पाहिला आहे. खासगी दवाखानेही हळूहळू उघडले. 25 मेला ईद आली. ईदगाह रिकामा राहिला, नमाज घराघरात झाली. एवढ्या दाट वस्तीने हे पाळले, तेव्हा पोलिसांची काठी दर दारात नव्हती. जूनमध्ये साथीचा जोर ओसरला आणि एका पहाटे कुठूनतरी पहिली खटखट ऐकू आली. मी गच्चीत उभी राहून रडले.

साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि आपण असू तिथे साथ आली तर तिथून पळू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण त्या दिवसांत सगळ्यांनी ऐकली. त्याच प्रसंगातली एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. शामकडे निघालेले हजरत उमर (र.) सर्ग या ठिकाणी पोचले तेव्हा पुढे साथ असल्याचे कळले. त्यांनी लगेच हुकूम काढला नाही. आधी मुहाजिरांना बोलावले, मग अन्सारांना, मग कुरैशच्या ज्येष्ठांना. सगळ्यांचा मशवरा घेतला आणि मगच परत फिरायचे ठरवले. ज्यांच्यावर नियम लागू होणार त्यांना आधी विचारणे, हेही त्या सुन्नतीतच आहे.

टाळेबंदी चुकीची होती असे मी म्हणत नाही. मोकळे सोडले असते तर त्या खोल्यांतून काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. पण माणसाला घरात थांबवायचे तर त्याच्या घरात काय आहे आणि काय नाही, हे पाहणे थांबवणाऱ्याचे कर्तव्य ठरते. त्यात मी, वही घेऊन फिरणारी, सुद्धा आले.

परवा खालाने चहा केला. खालूंची खाट अजून ओट्यावर आहे. मी अडखळत तो फोन पुन्हा काढला. ती म्हणाली, "बेटी, तू नियम सांगितलास, आम्ही पाळला. अल्लाहची मर्जी." मग माझ्या हातात एक पिशवी दिली. आत समोरच्या घरातल्या म्हातारीच्या साखरेच्या गोळ्या होत्या. "जाताना देऊन जा. जुम्याला तिचा मुलगा उशिरा उठतो."

मी गल्ली ओलांडून गेले. तीन पावलांची तर गल्ली.