गाडीतला कप्पा

दिवाळीचा कार्यक्रम आटोपून आम्ही शाळेच्या मागच्या वाहनतळावर आलो, तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते. मुलगी माझ्या खांद्यावर झोपलेली, बायकोच्या हातात उरलेल्या चकल्यांचा डबा. गाडीपाशी आलो आणि बुटाखाली काहीतरी करकरलं. ड्रायव्हरच्या बाजूची काच फुटली होती. सीटवर खडीसाखर सांडावी तसे तिचे तुकडे पसरले होते. मागच्या सीटवर बायकोची शाल, मुलीचा टॅब्लेट, सगळं जागच्या जागी होतं. मुलीला बायकोकडे दिलं आणि वाकून पुढच्या दोन सीटांमधला कप्पा उघडला. टिश्यू पेपर, टोलचं जुनं बिल, फोनची वायर. पिस्तूल नव्हतं.

ही २०२२ ची गोष्ट. ह्यूस्टनच्या पश्चिम भागात आमचं किराणा मालाचं दुकान आहे. रविवारी रात्री हिशेब मिटवून आठवड्याची रोकड बँकेच्या पेटीत टाकायला मी एकटा जायचो. २०१८ च्या थंडीत आमच्याच रांगेतल्या एका दुकानदाराला मागच्या दारात अडवून मारलं. त्याचा जबडा मोडला, दीड महिना तो नळीनं पातळ पेज घेत होता. मी त्याला भेटून आलो आणि महिन्याभरात पिस्तूल घेतलं. ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे अडचण नव्हती. फॉर्म भरला, दुकानदारानं माझी माहिती तपासणीला पाठवली, तासाभरात नऊ मिलिमीटरचं पिस्तूल हातात.

मी मूळचा कराडकडचा. माझ्या काकांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी होती. ती आजीच्या लोखंडी कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली काकांच्या करदोट्याला. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निवडणूक उरकली की पावती दाखवून परत यायची. काकांनी ती रानडुकरांवर कितीदा चालवली असेल मला माहीत नाही. पण बंदूक या घडीला कुठे आहे, हे घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकत होतं.

टेक्सासात २००७ पासून स्वतःच्या गाडीत पिस्तूल नजरेआड ठेवून फिरायला परवाना लागत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून तर एकवीस वर्षांवरच्या आणि कायद्यानं मनाई नसलेल्या माणसाला ते अंगावर बाळगायलाही लागत नाही. मी मात्र २०१९ मध्येच परवाना काढला होता. एक दिवसाचा वर्ग, मग नेमबाजीची परीक्षा: तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या, अडीचशेपैकी पावणेदोनशे गुण मिळाले की पास. आम्हाला कायदा शिकवला, भांडण कसं टाळायचं ते शिकवलं. गाडी लावून उतरताना पिस्तुलाचं काय करायचं, हे मात्र आमच्या शिक्षकांनी दोन मिनिटांत उरकलं. माझ्याही मनात तेव्हा फक्त समोरून चालून येणारा माणूस होता.

आणि पोलीस होते. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात फिलांडो कॅस्टील नावाच्या तरुणाची गाडी पोलिसानं थांबवली. त्याच्याकडे परवाना होता, माझ्याजवळ पिस्तूल आहे हे त्यानं आपणहून सांगितलं, आणि काही क्षणांत पोलिसानं त्याला गोळ्या घातल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. ऑस्टिनला जाताना ब्रेनमच्या अलीकडे माझ्यामागे निळे-लाल दिवे लागले, तेव्हा मला तीच गाडी आठवत होती. इंजिन बंद केलं, आतला दिवा लावला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. तळवे इतके घामेजले की कातडी आवरण निसरडं लागायला लागलं. पोलिसानं लायसन्स मागितलं. परवानाधारकाजवळ पिस्तूल असेल तर टेक्सासात त्यासोबत शस्त्राचा परवानाही दाखवावा लागतो. "पाकीट मागच्या खिशात आहे, काढू का?" असं विचारूनच मी हात हलवला. पिस्तूल कुठे आहे, त्यानं विचारलं. कप्प्यात, म्हटलं. "ठीक आहे. तुम्ही तुमच्याला हात लावू नका, मी माझ्याला लावत नाही." भला माणूस होता. समज देऊन सोडलं. पुढच्या पेट्रोल पंपावर मी दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.

सगळी काळजी मी अशा प्रसंगांची घेत होतो, आणि रोजच्या दिवसाकडे माझं लक्षच नव्हतं. शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं गुन्हा आहे. कोर्टात नेता येत नाही. बऱ्याच दुकानांच्या, इस्पितळांच्या दारावर मनाईचा ३०.०६ क्रमांकाचा फलक असतो. त्यामुळे ते कप्प्यात ठेवायचं आणि आत जायचं. पिस्तूल माझ्याजवळ असायचं कमी आणि बेवारस उभ्या गाडीत जास्त. अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा मोठा वाटा गाड्यांमधूनच जातो, हे मी नंतर वाचलं. परवाना होता म्हणून शाळेच्या वाहनतळावर ते गाडीत ठेवण्यात मी कायदा मोडला नव्हता. पण चोराला कायद्याशी काय करायचं होतं? त्याला वीस सेकंद पुरली.

पोलीस आले. तक्रार लिहिणाऱ्या तरुण अधिकाऱ्यानं पिस्तुलाचा क्रमांक विचारला. मला पाठ नव्हता, घरी जाऊन खोक्यावरून वाचून फोनवर सांगितला. तो म्हणाला, निम्म्या लोकांना तो कधीच सापडत नाही, आणि काही जण तर तक्रारही करत नाहीत. टेक्सासात मालकावर तशी सक्ती नाही.

त्यानंतरचे महिने मी स्थानिक बातम्या वेगळ्या कानांनी ऐकल्या. कुठे गोळीबार झाला की जखमी माणसाचं वय ऐकायचो, मग ठिकाण, मग आमच्या दुकानापासूनचं अंतर मोजायचो. बाबांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे ते आता कुणाच्या हातात आहे, तुला ठाऊक नाही." नाही. आजही ठाऊक नाही. पोलिसांचा फोन आलेला नाही.

मी दुसरं पिस्तूल घेतलं नाही. रोकड आता दुपारी, मेहुण्याला बरोबर घेऊन भरतो. शेजारच्या दुकानदाराचा तो सुजलेला चेहरा मी विसरलेलो नाही, आणि ज्यांना पिस्तूल लागतं त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सीटच्या सांगाड्याला पोलादी तारेनं जखडलेली कुलपाची पेटी बसवा, पिस्तुलाचा क्रमांक आजच लिहून घरात ठेवा, चोरी झाली तर त्याच रात्री कळवा. आणि घरी पोहोचल्यावर गाडी कुलूपबंद करण्याआधी ते काढून आत न्या. एक रात्रही कप्प्यात ठेवू नका.