ब्रँडहूकच्या शिळेवरचे दोन क्रॉस

बेल्जियमच्या पश्चिम टोकाला पोपरिंग आणि ईपर या दोन गावांत जेमतेम बारा किलोमीटरचं अंतर आहे. आगगाडी ते चटकन कापते, पण हा मुलूख कळायला हवा असेल तर जुन्या रस्त्याने सावकाश जावं. दुतर्फा सपाट शेतं, उंच खांबांवर चढवलेले हॉपचे वेल, आणि मध्येच पांढऱ्या शिळांच्या शिस्तीतल्या रांगा. पहिल्या महायुद्धात ईपरच्या आघाडीकडे माणसं, तोफगोळे आणि शिधा याच वाटेने गेला आणि जखमी याच वाटेने मागे आले. अर्ध्या वाटेवर ब्रँडहूक नावाची लहानशी वस्ती लागते. ईपरची तिसरी लढाई तोंडावर आली तेव्हा, जुलै १९१७ मध्ये, इथे शस्त्रक्रियेची रुग्णालयं उभारली गेली. रस्ता आणि लोहमार्ग हाताशी, आणि आघाडी इतकी जवळ की पोट फाटलेला सैनिक वाटेत दगावण्याआधी शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचावा. ३२ क्रमांकाच्या रुग्णालयाकडे तर खास पोटाच्या जखमांचंच काम होतं. या जवळिकीची किंमतही मोजावी लागली. २१ ऑगस्टला तोफगोळे थेट रुग्णालयांवर पडले, नेली स्पिंडलर ही परिचारिका ठार झाली आणि रुग्णालयं तिथून हलवावी लागली.

इथल्या ‘न्यू मिलिटरी’ दफनभूमीत कॅप्टन नोएल शव्हास या डॉक्टरची कबर आहे. तिच्या शिळेवर दोन व्हिक्टोरिया क्रॉस कोरलेले आहेत. जगात अशी दुसरी शिळा नाही. १८५६ मध्ये सुरू झालेलं हे पदक दोनदा मिळवणारे आजवर तिघेच झाले: आर्थर मार्टिन-लीक, शव्हास आणि न्यूझीलंडचे चार्ल्स अपहॅम. त्यांतले पहिले दोघे सैन्यातले डॉक्टर. शत्रूसमोर गाजवलेल्या पराक्रमासाठीच्या पदकाच्या इतिहासात ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. शव्हास शूर होता आणि शिवाय डॉक्टर होता, अशी त्याची ओळख सहसा करून दिली जाते. पोपरिंग ते ईपर हा रस्ता पाहिल्यावर ती अपुरी वाटते. त्याचं धाडस हा त्याच्या वैद्यकीचाच भाग होता, आणि त्या दोन क्रॉसचा अर्थ तिथूनच लावायला हवा.

शव्हास लिव्हरपूलच्या बिशपांचा मुलगा. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो चारशे मीटर धावला होता. पण पुढच्या घटना समजायला त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की डॉक्टर झाल्यावर त्याने लिव्हरपूलमध्ये रॉबर्ट जोन्स या अस्थिशल्यविशारदाच्या हाताखाली काम केलं. मोडलेली मांडी जागेवरच स्थिर बांधली तर माणूस वाचतो, हे याच जोन्सने आपल्या नात्यातल्या ह्यू ओवेन थॉमसच्या स्प्लिंटच्या आधारे ब्रिटिश सैन्याला पटवून दिलं. फ्लँडर्सच्या खतावलेल्या मातीत जखम तासन्‌तास उघडी राहिली की ती सडे. रक्तस्राव आणि थंडी उरलेलं काम करत. तेव्हा जखमी आणि डॉक्टर यांच्यातलं अंतर कापणं हा उपचाराचा पहिला भाग होता. ब्रँडहूकची रुग्णालयं त्या अंतराच्या मागच्या टोकावर होती. पुढच्या टोकावर, दोन खंदकांमधल्या पट्ट्यात, कुठलीच व्यवस्था पोचत नव्हती. ऑगस्ट १९१६ मध्ये सोमच्या आघाडीवर गिलमाँ इथे शव्हास नेमका तिथे गेला. दिवसभर माऱ्यात मलमपट्टी, मग रात्री चार तास शत्रूच्या फळीसमोर जखमींचा शोध. दुसऱ्या दिवशी एका स्ट्रेचरवाल्याबरोबर त्याने एका अत्यवस्थ सैनिकाला ५०० यार्ड वाहून आणलं. त्यात त्याच्या कुशीत तोफगोळ्याचा तुकडा शिरला. तरी त्या रात्री २० स्वयंसेवक घेऊन तो शत्रूच्या खंदकापासून २५ यार्डांवरच्या खड्ड्यातून तिघांना घेऊन आला. सुमारे २० गंभीर जखमी त्याच्यामुळे वाचले, असं त्याच्या पहिल्या क्रॉसच्या मानपत्रात नोंदलेलं आहे.

यावर पहिला आक्षेप लष्करी हिशेबाचा आहे. पलटणीला डॉक्टर एकच. तो मेला तर उद्याच्या शेकडो जखमींचं काय? आक्षेप खरा आहे, आणि ईपरच्या ईशान्येला वील्त्येजवळ त्याची कसोटी लागली. ३१ जुलै १९१७ ला हल्ला सुरू झाला, दुपारी पाऊस लागला आणि तोफांनी नांगरलेल्या जमिनीचा रबडा झाला. एक जखमी उचलायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त माणसं लागू लागली. शव्हास सुरुवातीलाच जबर जखमी झाला होता. तो मागे गेला असता, तर त्या चिखलातून दुसरा डॉक्टर केव्हा पोचला असता? त्या दोन दिवसांत त्याची जागा घेणारं तिथे कोणी नव्हतं. म्हणून तो थांबला, रात्री पुन्हा जखमी शोधायला गेला. २ ऑगस्टच्या पहाटे त्याच्या उपचारकेंद्रावर गोळा पडला. पोटात जखम घेऊन तो ब्रँडहूकला पोचला, आणि ४ तारखेला तिथेच गेला. दुसरा क्रॉस मरणोत्तर जाहीर झाला.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि अधिक गंभीर: सैन्यातला डॉक्टर माणसं बरी करतो ती पुन्हा लढायला, मग त्याचं पदक म्हणजे युद्धाचाच गौरव नव्हे का? बऱ्या झालेल्यांपैकी अनेक खंदकात परतले, हे नाकारता येत नाही. पण गिलमाँच्या मानपत्रात आणखी एक नोंद आहे. त्या रात्री शव्हासने दोन अधिकाऱ्यांचं दफन केलं आणि माऱ्यातच मृतांचे ओळखबिल्ले गोळा केले. मेलेल्या माणसाच्या बिल्ल्याने कुठला खंदक जिंकला जात नाही. त्याचं मोल ईपरच्या मेनिन गेटखाली उभं राहिल्यावर कळतं: तिथे ५४ हजारांहून अधिक नावं आहेत, सगळी कबर न सापडलेल्यांची. त्यांत शव्हासचा धाकटा भाऊ एडनही आहे. शिवाय १९१६ मध्येच ब्रिटिश मुख्यालयाने नुसतं जखमींना वाचवल्याबद्दल हे पदक देऊ नये असं धोरण ठरवलं आणि ज्यांचं ते कामच आहे त्यांनाच या बंदीतून वगळलं. विजयाला हातभार न लावणाऱ्या करुणेसाठी सैन्याने मागे ठेवलेली ही एक फट होती, आणि शव्हासचा दुसरा क्रॉस तिच्यातूनच आला.

श्रेय एकट्याचंच का, या तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याजवळ पुरेसं उत्तर नाही. गिलमाँच्या त्या २० स्वयंसेवकांची मानपत्रात फक्त संख्या आहे, नावं नाहीत. एका डॉक्टरने अंतर कापलं ते अनेकांच्या खांद्यांवरून. त्याला स्वतःला ब्रँडहूकला आणलं ते ४६ व्या फील्ड ॲम्ब्युलन्सने. तिचे प्रमुख होते मार्टिन-लीक, तोवर दोन क्रॉस मिळवलेले एकमेव गृहस्थ. युद्धापूर्वी ते बंगाल-नागपूर रेल्वेचे डॉक्टर होते, आणि युद्ध संपल्यावर त्याच नोकरीवर परत आले. शव्हासची पदके २००९ मध्ये सुमारे पंधरा लाख पौंडांना विकली गेली. ती काचेआड पाहणाऱ्याला पराक्रम दिसतो. वील्त्ये ते ब्रँडहूक हा रस्ता चालणाऱ्याला त्यांतला चिखल, वेळ आणि इतरांचे खांदेही मोजावे लागतात.