पिवळा दिवा



विहिरीवरची मोटार चालू करण्याआधी तुम्ही काय पाहता? पेटीवरचे तीन दिवे. तांबडा, पिवळा, निळा. तिन्ही लागलेले असले तरच बटण दाबायचे. एक जरी विझलेला असला तर हात मागे घ्यायचा. नाहीतर मोटार नुसती घुमते आणि जळून जाते. हे आपल्याला शाळेत कुणी शिकवले नाही. एक-दोन मोटारी जळाल्या, रिवायंडिंगला पैसे गेले, मग आपण शिकलो.

तसलेच दिवे आता आपल्या घरात आले आहेत. इंटरनेटची जी डबी भिंतीवर असते, तिच्यावर ते मिणमिणत असतात. त्यांच्याकडे मात्र कुणी पाहत नाही. मीही पाहत नव्हते. त्यापायी माझी सून आणि नात घर सोडून जाण्याची वेळ आली होती. ती हकिकत आज तुम्हांला सांगते.

आमचे घर मोहोळ तालुक्यात. जुने माळवदाचे, दोन-दोन हात रुंदीच्या भिंतींचे. मुलगा शेती पाहतो. थोडे डाळिंब, थोडा कांदा, बाकी ज्वारी. सूनबाई शिकलेली आहे. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती इमारतींचे नकाशे कॉम्प्युटरवर काढते. २०२० साली टाळेबंदीत ती घरी आली आणि तेव्हापासून घरूनच काम करते. डाळिंबावर तेल्या आला त्या वर्षी बागेतून औषधाचाही खर्च निघाला नाही. त्या वर्षी घर चालले ते तिच्या पगारावर. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

इंटरनेटची डबी सोप्यात बसवली आणि सूनबाईची खोली पडली अंगणापलीकडे. मातीच्या एवढ्या जाड भिंतींतून वायफाय काही पलीकडे पोहोचेना. म्हणून मुलाने डबीपासून तिच्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढली. सोप्याच्या खिडकीतून बाहेर, वळचणीखालून तिच्या टेबलापर्यंत. दोन वर्षे काम सुरळीत चालले.

यंदा गुढीपाडव्यानंतर बिघडले. रोज दुपारी लाईन मंद व्हायची. मीटिंग चालू असताना मध्येच तुटायची. दोनशेच्या प्लॅनचे पैसे भरत होतो आणि दुपारी मोजले तर चौऱ्याण्णवच्या वर आकडा जाईना. महिनाभर हे चालले. शेवटी तिच्या साहेबांनी सांगितले, एक जूनपासून पुण्याला येऊन बसा. सूनबाई रात्री फोनवर भाड्याच्या खोल्या पाहू लागली. नातीला पुण्याच्या शाळेत घालायची भाषा सुरू झाली. मुलगा काही बोलत नसे. जेवताना ताटाकडे पाहत बसायचा.

आमचे मालक तापट. त्यांनी इंटरनेटवाल्यांकडे तक्रार केली. वायरमन पोरगा तीनदा आला. तिन्ही वेळा सकाळी आला, डबीला मीटर लावून पाहिला आणि म्हणाला, ‘‘मामा, आमची लाईन चांगली आहे.’’ तिसऱ्या खेपेला मालकांनी त्याला नाही नाही ते सुनावले. खाली मान घालून पोरगा गाडीवर बसून गेला.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी सोप्यात ज्वारी निवडत बसले होते. डबी समोरच्याच भिंतीवर. जिथे लॅनची वायर खोचली आहे तिथला बारका दिवा हिरवा दिसत होता. बारा वाजले. सोलापूरचे ऊन तुम्हांला ठाऊक आहे. रोजच्यासारखी मी उठले आणि खिडकी लावून घेतली. परत येऊन सूप हातात घेतले तर दिवा पिवळा. आधी वाटले, डोळ्यांना झापड आली असेल. उठून खिडकी उघडली. दिवा विझला, काही क्षणांनी लागला तो हिरवा. पुन्हा लावली, पुन्हा पिवळा.

‘‘अगं, इकडे ये बरं जरा,’’ मी सूनबाईला हाक मारली.

ती आली, माझा खेळ दोनदा पाहिला आणि खिडकीखाली बसून वायर चाचपू लागली. झडप चौकटीवर जिथे टेकते तिथे वायर चपटी झाली होती. वरचे कातडे चिरले होते. ‘‘आत्या,’’ ती म्हणाली, ‘‘आपण महिनाभर कंपनीला शिव्या देतोय आणि दोष आपल्या खिडकीत आहे.’’

खिडकी लावणारी मीच होते. पाडव्यानंतर ऊन वाढले, मी दुपारी खिडकी लावू लागले आणि तेव्हापासूनच लाईन दुपारी बिघडू लागली. वायरमन सकाळी यायचा तेव्हा खिडकी उघडी असायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

मग त्या दिव्याची भाषा मी तिच्याकडून समजून घेतली. लॅनच्या वायरीत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. चारही जोड्या शाबूत असल्या तर वायरीवरून एक हजाराचा वेग मिळतो, म्हणजे एक हजार एमबीपीएस. शंभराच्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. वायर खोचली की दोन्ही टोकांची यंत्रे आधी आपसांत वेग ठरवतात. एका जुवाखाली एक बैल चपळ आणि दुसरा मंद असला तर जोडी मंद बैलाच्याच चालीने चालते. तसे दोघांनाही झेपेल तोच वेग ठरतो. आमची निळी तार आतून तुटत आली होती. खिडकी लागली की तिची टोके सुटायची आणि हजाराची वायर शंभरावर यायची. त्या शंभरातून हाती पडतात साधारण चौऱ्याण्णव-पंच्याण्णव. आमचा आकडा तिथेच अडला होता.

तुम्ही म्हणाल, शंभर काय कमी आहे? खरे आहे. पोरांच्या अभ्यासाला, बाजारभाव पाहायला, बोलायला शंभर भरपूर झाले. पण वाऱ्याने झडप हलली की वेग पुन्हा ठरायचा आणि तेवढ्या वेळात वायर बंद पडायची. मीटिंग तुटायची ती त्यामुळे.

आता हे दिवे कसे पाहायचे ते सांगते. डबीवर ‘पॉन’ लिहिलेला दिवा असतो. तो न मिटता हिरवा राहिला तर बाहेरून येणारी काचेची तार, म्हणजे फायबर, ठीक आहे. ‘लॉस’ लिहिलेला दिवा तांबडा झाला तर फायबर तुटले किंवा फार वाकले असे समजावे. तेव्हा कंपनीलाच फोन करावा, घरात उचकपाचक करू नये. ‘लॅन’चा दिवा आपल्या घरातल्या वायरीचा. तो लागला म्हणजे दोन्ही टोके जुळली. लुकलुकतो तेव्हा माहितीची ये-जा चालू असते, त्याला घाबरू नये. तो मुळीच लागत नसेल तर जॅक ‘टक्’ आवाज येईपर्यंत नीट खोचावा. तरी न लागल्यास दुसरी वायर लावून पाहावी.

रंगाच्या बाबतीत मात्र सावध राहा. आमच्या डबीवर हिरवा म्हणजे हजार आणि पिवळा म्हणजे शंभर. काही डब्यांवर हे नेमके उलट असते, काहींवर एकच रंग असतो. डबीबरोबरचे पुस्तक पाहावे, नाहीतर कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड लिहिलेला असतो तो वाचावा.

आणखी एक. पेटीवरचे तिन्ही दिवे लागले म्हणून विहिरीत पाणी आहे असे होत नाही. तसेच लॅनचा दिवा फक्त त्या एका वायरीपुरते सांगतो. पुढे बाहेरच्या लाईनीत काय चालले आहे ते त्याला कळत नाही. म्हणून ठिबकचे पाणी कमी पडले की आपण मेन लाईन, सबमेन, मग लॅटरल असे एकेक पाहत जातो, तसेच इथेही एकेक टप्पा पाहावा.

प्लॅनचा आकडा वाचतानाही फसगत होते. प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात, फाईल मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून शंभराच्या वायरीतून सेकंदाला फार तर बारा मेगाबाइट जातात. शंभर लिटर समजून बारा लिटर मिळाले म्हणून तक्रार करू नका, मापच वेगळे आहे.

वायरीने यंत्रे जोडायची ही इथरनेटची रीत १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी काढली. तेव्हा वेग तीन मेगाबिटसुद्धा नव्हता. १९९५ मध्ये शंभराचा आणि १९९९ मध्ये या तांब्याच्या आठ तारांवर हजाराचा नियम ठरला. इकडे आपल्या सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. एवढ्या लांबून काच गावापर्यंत आणायची आणि आपल्या खिडकीत ती अडायची, याला काय म्हणावे?

दुसऱ्या दिवशी मुलगा सोलापूरला कांदा घेऊन गेला होता, येताना नवी वायर घेऊन आला. अस्सल तांब्याची घ्या, हे सूनबाईने बजावले होते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते, पण लांब अंतराला ती दगा देते. भिंतीला खाली भोक पाडून ती पाइपातून नेली, म्हणजे झडप नाही, ऊन नाही आणि उंदीरही नाही. विजेच्या वायरीपासून ती हातभर दूर ठेवली. अशी वायर शंभर मीटरच्या आतच ठेवावी, त्यापुढे नेमाने भरवसा नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की डबीची पिन आणि लॅनची वायर दोन्ही काढून ठेवतो.

मालकांनी वायरमन पोराला फोन केला. ‘‘बाळा, चूक आमची होती,’’ एवढेच म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात असले वाक्य मी त्यांच्या तोंडून फार थोड्या वेळा ऐकले आहे. पोरगा पुढच्या आठवड्यात आमच्याकडे चहा पिऊन गेला.

सूनबाईने साहेबांना पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. पंधरा दिवसांत एकही मीटिंग तुटली नाही आणि पुण्याची गोष्ट मागे पडली. नातीचे नाव जूनमध्ये गावच्याच शाळेत घातले. पुढे कधी त्यांना जावेसे वाटले तर मी अडवणार नाही. शिकलेल्या पोरीची वाट अडवू नये. पण जायचे तर मोठ्या कामासाठी जावे. एका चेंगरलेल्या तारेपायी कुणाचे घर दोन जागी होऊ नये.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आज दिवेलागणीला घरातल्या त्या डबीकडेही एकदा पाहा. कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे ते, सारे ठीक चालले असतानाच, कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. बिघाड झाला की काय बदलले ते लगेच कळेल. आणि वायरमनवर ओरडण्याआधी आपली खिडकी तपासा.