साखळीचे तेलपाणी

छत्तीसगढीत 'पारा' म्हणजे वस्ती. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्यासारखी अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर बसला आणि त्यानंतर मराठी माणसे इकडे येऊन स्थिरावत गेली. आमच्या घराण्याने लेखणीवर पोट भरले. त्यामुळे अंगणात बसून मोटारसायकलची साखळी धुणारा माझा पुतण्या घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रथम खटकलाच. "शाळा सुटली आणि हातही काळे झाले," असे माझी आई उघडपणे म्हणे. तो ऐकून घेई आणि मान खाली घालून काम करीत राही.

दहावीत गणिताने त्याचा हात सोडला आणि त्याने शाळा सोडली. आज तो औषधांच्या पेट्या मोटारसायकलवर बांधून अभनपूर, कुरूद आणि धमतरीच्या दुकानांत पोहोचवतो. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते आणि आठवड्याला अशा तीन खेपा होतात. गाडी थांबली की त्या दिवसाची कमाई थांबते. शिवाय धावत्या गाडीची साखळी तुटून मागच्या चाकात अडकली, तर प्राणावर बेतू शकते. म्हणून दर रविवारची सकाळ त्याने साखळीसाठी राखून ठेवली आहे.

त्याची पद्धत ठरलेली आहे. गाडी मधल्या स्टँडवर उभी करायची, इंजिन बंद ठेवायचे, किल्ली काढून खिशात टाकायची आणि गिअर न्यूट्रलमध्ये आणायचा. चाक हातानेच फिरवायचे. इंजिन चालू ठेवून साखळी पुसणाऱ्यांची बोटे दातेरी चाकात सापडतात, हे तो प्रत्येकाला बजावतो. मग साखळीवरचे झाकण काढून, रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या ब्रशने तो एकेक कडी घासतो. जवळपास चूल किंवा विडी पेटलेली नाही, हे आधी पाहतो. काही साखळ्यांत बारीक रबरी रिंगा असतात. पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने त्या खराब होतात, म्हणून या दोन्ही गोष्टी तो टाळतो. वापरलेले रॉकेल तो नालीत न ओतता डब्यात साठवून ठेवतो.

एकदा मी त्याला विचारले, "साखळी लोखंडाची. मग ती सैल का होते? ताणली जाते का?"

"नाही काका, ती झिजते," तो म्हणाला. त्याने जुनी साखळी माझ्या हातात दिली आणि पोलादी पट्ट्या, त्यांना जोडणारी खीळ, खिळीभोवतीची नळी आणि नळीवर फिरणारा रूळ दाखवला. अशी साखळी हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने १८८० मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तयार केली. सायकलपासून मोटारसायकलपर्यंत आजही तीच रचना चालत आली आहे. खीळ आणि नळी एकमेकींवर घासतात, तिथे तेल नसेल तर दोघी झिजतात. पुतण्याने फरशीवर खडूने हिशेब मांडला. एका सांध्यात मिलिमीटरचा फक्त दहावा भाग झिजला आणि साखळीला शंभर सांधे असले, तर साखळी दहा मिलिमीटरने लांबते. ज्या मुलाला गणित येत नाही असे आम्ही धरून चाललो होतो, त्याने ते इतक्या सहजतेने मांडले की मी त्या फरशीकडे पाहतच राहिलो.

झीज आत होते, म्हणून तेलही आतच पोहोचले पाहिजे. साखळी कोरडी झाली की तो खालच्या पदराच्या आतल्या बाजूने, पट्ट्यांच्या फटींत, गिअर ऑइलचे थेंब सोडतो आणि चाक हळूहळू फिरवतो. चाक फिरताना तेल बाहेरच्या बाजूला फेकले जाते आणि वाटेत सांध्यांत शिरते. इंजिनातून काढलेले काळे तेल तो वापरत नाही, कारण त्यात धातूचा चुरा असतो. टायरवर थेंब पडू नये याचीही काळजी घेतो, नाहीतर चाक घसरते.

आई हे सारे दुरून पाहत होती. तिने आयुष्यभर शिलाई यंत्र चालवले आहे. यंत्राला तेल दिल्यावर ती आधी चिंधीवर शिवण घाली, म्हणजे जास्तीचे तेल चिंधीत उतरे आणि नव्या कापडावर डाग पडत नसे. त्या दिवशी ती आपल्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, तेल आत मुरू दे. मग वरचे पुसून काढ. वर राहिले तर धूळ धरेल."

"होय आजी, तेच करायचे आहे," तो हसून म्हणाला. त्यानंतर हात काळे झाल्याचा उल्लेख तिने केला नाही.

शेवटी तो खालचा पदर मधोमध बोटाने वरखाली करून पाहतो. बहुतेक लहान गाड्यांत वीस ते तीस मिलिमीटर ढील ठीक असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. साखळी फार घट्ट केली तर ती लवकर झिजते आणि फार सैल ठेवली तर दात्यांवरून उतरते. दाते हुकासारखे वाकले असतील तर साखळी आणि दोन्ही दातेरी चाके एकदमच बदलावी लागतात.

शिक्षण शाळेच्या दारातच संपते, असे मानणाऱ्या घरात मी वाढलो. आता मला वाटते की कार्यकारणभाव शोधणारी बुद्धी पुस्तकातही तयार होते आणि कामातही. हाताला काम कळले आणि त्या कामामागचे कारण डोक्याला उमगले की माणूस खऱ्या अर्थाने शिकला. हाताचा काळेपणा साबणाने जातो. कष्टाकडे तुच्छतेने पाहण्याची सवय मात्र सहजासहजी जात नाही आणि ती घालवण्यासाठी कधीतरी अंगणात जाऊन त्या कामाशेजारी बसावे लागते.