दारफाळणी

अलिबागच्या इस्राएल आळीत भर दुपारी गेलं की आधी कुलपं दिसतात. ओटा, कौलं, मागे नारळ-सुपारी. घर कोकणातल्या कुठल्याही घरासारखंच. फक्त चौकटीच्या उजव्या बाहीवर बोटभर लांबीची तिरकी डबी, मेझुझा. आत शिरताना तिला बोटं लावून ती ओठांशी न्यायची. एका घराची बाही तेवढ्याच जागी गुळगुळीत झालेली आहे. डबी मालकांनी जाताना काढून नेली. खिळ्यांची दोन भोकं राहिली.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी इथल्या बेने इस्राएल यहुद्यांची मूळकथा. घाणा चालवला, पण शनिवारी बैल सोडले. म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. हिब्रू विसरली, शेमा ही प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. योम किप्पूरला म्हणायचे दारफाळणीचा सण. दिवसभर दारं लावून उपास, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण : दारं उघडायची, दानधर्म करायचा, भेटीगाठी घ्यायच्या.

1948 साली इस्राएल देश झाल्यानंतर दारं लागली ती वेगळी. तेव्हा भारतात बेने इस्राएल वीसेक हजार होते. आता पाच हजारही नाहीत. त्यांना इथून कुणी हाकललं नाही, हेच या निघण्यातलं अवघड. छळ झाला असता तर निदान रागावता आलं असतं. पिढ्यान् पिढ्या प्रार्थनेत जे मागितलं ते मिळालं, म्हणून निघाले. आणि ज्या गावांची आडनावं लावत होते ती गावं मागे टाकून पेणकर, रोहेकर, झिराडकर इस्राएलला पोचले. तिथे विचारलं गेलं, तुम्ही यहुदी कशावरून? 1952 साली काही जण भांडून परतलेही. लग्न लावण्याआधी पूर्वजांची चौकशी व्हायची. ते पुरते यहुदी आहेत हे तिथल्या संसदेने स्पष्टपणे म्हणायला 1964 उजाडलं.

आळीत एक आजी आहेत. धाकटी बहीण तिकडे इस्राएलमध्ये, दिमोनाला, त्या इथे. जाताना बहिणीने विचारलं होतं, तू कधी येतेस? आजी म्हणाल्या होत्या, आंबे उतरले की. त्यानंतर किती आंबे उतरले, त्या मोजत नाहीत. मागेन अबोथ या इथल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला उभ्या राहिल्या की तोंड पश्चिमेला, यरुशलेमच्या दिशेला. म्हणजे समुद्राकडे, बहिणीकडेही. तिकडे एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा होतो, तेव्हा ताटातले पोहे इथून गेलेले असतात. आजी आमसुलंही धाडतात.

“मग तुमचं गाव कुठलं, आजी?” मी विचारलं.

“हेच. तिचंही हेच. पण तिच्या नातवंडांचं ते.” एवढं बोलून त्या चहा ठेवायला उठल्या.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून मराठी आली, अस्सल अष्टागराची, मध्येच हिब्रूची ठेच लागलेली. दिमोना वाळवंटात, तिथे जूनमध्ये आभाळ कोरडं.

“लागला का गं पाऊस?”

आजींनी उत्तर दिलं नाही. वाऱ्याने लागलेलं दार उघडलं आणि फोन पागोळ्यांखाली धरला. बराच वेळ दोन्हीकडे कुणी बोललं नाही.