पुस्तकातला वेग, आपली नळी

माझा खालाजाद भाऊ टेक्सासमध्ये राहतो. हरणाच्या शिकारीचा शौकीन. शिकारीच्या गोष्टी ऐकत आम्ही दोघं वाढलो; १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे गोष्टीच उरल्या. तिकडे मात्र परवान्याने शिकार चालते. पुष्कळ शिकारी झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच साफ करून, नवी टोपी, तोलून दारू आणि नवी गोळी बसवून काडतुसं घरीच भरतात.

गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने नवं वेगमापक यंत्र घेतलं होतं. दोन डोळ्यांमधून गोळीची सावली जाते आणि लागलेल्या वेळावरून यंत्र वेग सांगतं. दहा गोळ्यांची सरासरी निघाली सेकंदाला २५९० फूट. पुस्तकात होते २७००.

"भाईजान, ११० फूट कमी! आज रात्री दारू थोडी वाढवतो."

दारू आधीच पुस्तकातल्या कमाल मापावर होती. मी बंदुकीतला अडाणी, पण मास्तर आहे; तक्त्याच्या वरचा बारीक मजकूर वाचायची सवय जात नाही. तिथे लिहिलं होतं, चाचणीची नळी २४ इंच. मी विचारलं, "तुझी किती?"

"वीस."

नळी एक इंच आखूड झाली की अशा काडतुसात वेग साधारण २५ फुटांनी घटतो, हे त्यालाच माहीत होतं. चार इंचांचे झाले शंभर. यंत्र नळीच्या तोंडापासून १५ फुटांवर; तेवढ्यात हवेने आणखी दहाएक फूट खाल्ले. हिशेब मिटला. काडतुसात काहीच कमी नव्हतं.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "वेग मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे. दाब मोजायचं नाही." त्याच्या .३०८ विंचेस्टर काडतुसाची दाबाची मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड. कमाल मापाच्या पुढे दारू वाढवली तर वेग थोडा वाढतो, दाब झपाट्याने. आणि चाप ओढताना गाल त्याच बंदुकीला टेकलेला असतो. उलट, तेवढ्याच दारूत पुस्तकापेक्षा जास्त वेग आला तर तिथे खूश व्हायचं नसतं, थांबायचं असतं. फुकट वेग मिळत नाही. तो बहुतेक वेळा दाबातूनच आलेला असतो.

त्या रात्री तराजू कपाटातच राहिला. त्याने २५९० धरून अंतरागणिक गोळी किती खाली जाईल याचा नवा तक्ता केला. त्याची सात वर्षांची मुलगी शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होती.

परत आल्यावर दहावीच्या पालकसभेत एका अब्बांनी शेजारच्या मुलाचे ९४ टक्के माझ्यापुढे ठेवले आणि आपल्या पोराकडे रागाने पाहिलं. मी आधी विचारलं, घरी अभ्यासाला जागा कुठे आहे? पोरगा म्हणाला, दुकानातच, गिऱ्हाईक नसेल तेव्हा.